न गोठणाऱ्या पाण्याच्या काठी: पूर्व होक्काइडोतले पक्षी, बर्फ आणि आइनू हस्तकला

जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेट आहे. त्याच्या पूर्व भागात फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री पारा उणे २० पर्यंत उतरतो. अशा थंडीत पक्षी बघायचे असतील तर नकाशावर एकच गोष्ट शोधायची: कुठलं पाणी गोठत नाही. त्सुरुई गावातली सेत्सुरी नदी झऱ्यांच्या पाण्यामुळे हिवाळाभर वाहती राहते, म्हणून क्रौंच तिच्या पात्रात रात्र काढतात. कुश्शारो सरोवर गोठतं, पण जिथे काठाशी गरम झरे आहेत तिथे पाण्याची पट्टी मोकळी राहते आणि तिथे हंस जमतात. राऊसू गावासमोरच्या समुद्रात बर्फाचे तुकडे वाहत येतात, त्यांच्या फटींतून मासे मिळतात, म्हणून गरुड येतात. या तीन पाण्यांच्या मध्ये अकान सरोवर आहे आणि त्याच्या काठी आइनू कारागिरांची वस्ती. सहल या चार ठिकाणांत बसते. सात रात्री लागतात. पाच रात्रींतही उरकता येते, पण मग एक दिवस ढगाळ निघाला की त्याची भरपाई होत नाही.

कधी जायचं

क्रौंच आणि हंस हिवाळाभर असतात. वाहता बर्फ साधारण जानेवारीच्या शेवटी येतो आणि फेब्रुवारीत भरात असतो. क्रौंचांचं नृत्यही फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगात येतं. सगळं एकत्र हवं असेल तर १० ते २५ फेब्रुवारी ही खिडकी धरा. याच सुमारास साप्पोरोत बर्फाच्या शिल्पांचा उत्सव असतो. तो या भागापासून लांब आहे, आणि दोन्ही एकाच सहलीत कोंबायचा मोह टाळलेला बरा.

या भागातल्या कुशिरो शहराचा किनारा पॅसिफिकच्या बाजूला असल्याने इथे पश्चिम होक्काइडोसारखा रोज बर्फ पडत नाही. आकाश बऱ्याचदा स्वच्छ असतं, आणि म्हणूनच थंडी जास्त बोचते.

पोहोचणं आणि गाडी

टोकियोच्या हानेदाहून कुशिरोला विमानाने पावणेदोन तासांच्या आत पोहोचता येतं. परतताना कुशिरोला मागे येऊ नका, राऊसूहून नाकाशिबेत्सु विमानतळ जवळ पडतो. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायचे जास्तीचे पैसे लागतात, पण अर्धा दिवस वाचतो.

आपल्याकडे आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं पुस्तक १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं आणि जपानमध्ये चालतं. मूळ परवाना आणि पासपोर्टही जवळ ठेवा. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, त्यामुळे त्या बाबतीत हाताला नवं काही नाही. नवा आहे तो रस्ता. भाड्याच्या गाडीला हिवाळी टायर असतातच, फोर व्हील ड्राइव्ह मात्र मागून घ्या. गाडी सुटायला ती मदत करते, थांबायला नाही. पांढऱ्या बर्फावर टायर धरतात; धोका असतो तो काळ्या, ओल्या दिसणाऱ्या डांबरावर, कारण ते ओलं नसतं, त्यावर बर्फाची काचेसारखी पापडी असते. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात. ब्रेक वळणावर दाबायचा नाही, वळणाआधीच वेग उतरवायचा.

रस्त्याच्या कडेला खांबांवर खाली तोंड केलेले लाल-पांढरे बाण दिसतील. ते डांबराची कड दाखवतात. वारा सुटून जमिनीवरचा बर्फ उडायला लागला की समोरचं बॉनेटही दिसेनासं होतं, तेव्हा हे बाण हाच रस्ता. तेही दिसेनात तर पहिल्या दुकानाच्या आवारात शिरून थांबा. गाडी बर्फात अडकली आणि हीटर चालू ठेवून बसायची वेळ आली, तर मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ सतत उकरत राहा. नळी बुजली की विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

खेड्यांतले पेट्रोल पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, रविवारी काही उघडतच नाहीत. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडीतल्या नकाशा-यंत्रात जपानी पत्ता टाइप करत बसू नका. मुक्कामाचा दूरध्वनी क्रमांक टाकला की ते यंत्र बहुतेक वेळा ठिकाण शोधतं. आणि संध्याकाळी चारनंतर वेग कमी ठेवा, सिका हरणं कळपाने रस्ता ओलांडतात. एक गेलं की मागून तीन येतात.

गाडी चालवायची नसेल तर कुशिरोहून त्सुरुई आणि अकानला बस आहेत, पण पहाटे क्रौंच बघायला ज्या ओतोवा पुलावर जायचं तिथे बस पोहोचवत नाही. मग त्सुरुईत असं घर निवडा ज्याचे मालक पहाटे स्वतःच्या गाडीने नेतात. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या.

कपडे

सुती बनियन घरी ठेवा. घाम सुतात अडकतो आणि उभं राहिल्यावर तोच गार पडतो. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यात वर वारा अडवणारं कवच. पायांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच हरतात, कारण पुलावर दोन तास हालचाल नसते. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला की आतली हवा संपते, रक्त फिरत नाही आणि एक मोजा असताना होते त्यापेक्षा बोटं लवकर बधिर होतात. हातांना आधी पातळ मोजे, त्यावर बोटं एकत्र असलेले जाड मोजे; कॅमेरा वापरताना फक्त वरचे काढायचे.

‘काइरो’ नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या कुठल्याही दुकानात मिळतात. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की ती तापते. बुटात हवा कमी, म्हणून साधी पुडी तिथे विझते. पायांसाठी वेगळी मिळते, ती घ्या. थेट कातडीवर चिकटवून झोपू नका, मंद आचेनेही भाजतं.

त्सुरुई: तीन रात्री

गावाच्या नावाचा अर्थच ‘क्रौंच राहतात ती जागा’. लाल माथ्याचा हा क्रौंच, जपानीत तांचो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होक्काइडोतून संपला असंच मानलं जात होतं. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोडे पक्षी पुन्हा सापडले. १९५२ च्या कडक हिवाळ्यात गावकऱ्यांनी त्यांना मका टाकला, तो पक्ष्यांनी खाल्ला, आणि तिथून संख्या वाढत गेली. आज ती दीड हजाराच्या वर आहे. इतके पक्षी एकाच गावात दाटीने राहिले तर रोगाची एकच साथ सगळ्यांना पुरते, म्हणून अलीकडे सरकारी दाणा टप्प्याटप्प्याने कमी केला जातोय.

पहाट ओतोवा पुलावर. पण रोज उठायची गरज नाही. आदल्या रात्री अंदाज बघा: निरभ्र आकाश, वारा नाही, आणि उणे १५ च्या खाली तापमान. तिन्ही जुळले तरच गजर लावा. नदीचं पाणी शून्याच्या वर आणि हवा उणे २०, यामुळे पाण्यातून वाफ उठते. ती काठावरच्या झाडांना लागून गोठते आणि फांदी न् फांदी पांढरी होते. ढग असले की जमिनीची ऊब सुटत नाही, धुकंही नाही आणि झाडांवरचं पांढरंही नाही, नुसते लांबवर उभे राखाडी पक्षी. वारा असेल तर वाफ उडून जाते.

फेब्रुवारीच्या मध्याला सूर्योदय साधारण सव्वासहाला होतो. साडेपाचपर्यंत पुलावर पोहोचा, कठड्याशी जागा घ्या, गाडी ठरवलेल्या जागेतच लावा. पुलाच्या पदपथावरून खाली उतरायचं नाही, शेतात पाय टाकायचा नाही, ड्रोन नाही. पक्षी बरेच दूर असतात. ५०० मिमीची लेन्सही अपुरी वाटेल. त्यामुळे इथे एकेका पक्ष्याच्या मागे लागू नका, नदी, धुकं आणि झाडं चौकटीत घ्या. सूर्य वर आला की धुकं सोनेरी होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत विरतं. पक्षी तासा-दोन तासांनी उठतात.

ते जातात दाण्याच्या जागी, आणि आपणही तिकडेच जायचं. गावात जपानी पक्षी संस्थेचं त्सुरुई-इतो अभयारण्य आणि त्सुरुमिदाई अशा दोन जागा आहेत, अकानच्या बाजूला तिसरं केंद्र आहे. कुंपणाबाहेरून बघायचं. पादत्राणं निर्जंतुक करायची चटई असेल तर तिच्यावरून चालत जा. ती बर्ड फ्लूसाठी आहे, शोभेसाठी नाही.

इथे दुर्बीण हातात घेऊन एक जोडी निवडा आणि तिच्यावरच अर्धा तास घालवा. माथ्यावरचा लाल भाग पिसांचा नाही, उघड्या कातडीचा आहे. पक्षी चिडला की तो पसरतो. बसलेल्या पक्ष्याची शेपटी काळी वाटते, पण ती शेपटी नव्हेच. ती पंखांची आतली पिसं आहेत, शेपटीवर दुमडलेली. पक्षी उडाला की पांढरीशुभ्र शेपटी दिसते. डोकं-मान तपकिरी असलेलं ते या वर्षीचं पिल्लू. आता आवाज ऐका: नर मान मागे टाकून एक लांब हाक देतो आणि मादी लगेच दोन आखूड हाका देते, इतकी बिनचूक की डोळे मिटले तर एकच पक्षी वाटावा. गोंदियाच्या धानशेतात सारसाची जोडी ऐकली असेल तर ही रीत ओळखीची वाटेल. सकाळच्या थंडीत, सूर्य समोर आणि मागे झाडांची काळी सावली असेल, तेव्हा हाकेबरोबर चोचीतून निघालेली वाफ दिसते. १/५०० ते १/१००० सेकंदात ती छान पकडता येते.

कॅमेऱ्याचं एवढं लक्षात ठेवा. बर्फात मीटर फसतो आणि सगळं करडं येतं. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. मात्र उन्हात पांढऱ्या पिसांचा पोत जातोय का ते पडद्यावर तपासा, गेला की लगेच खाली आणा. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद. बॅटऱ्या तीन, त्यांतल्या दोन आतल्या खिशात. ‘संपली’ दाखवणारी बॅटरी ऊब लागली की पुन्हा थोडी चालते. परत निघताना, बाहेर असतानाच कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि खोलीत गेल्यावर दोन तास पिशवी उघडू नका. नाहीतर उबदार खोलीतली दमट हवा थंड काचेवर, कधी लेन्सच्या आतही, पाणी धरते. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या.

दुपारी बारा ते दोन क्रौंच नुसते चरतात. तो वेळ छोट्या पक्ष्यांना द्या. होक्काइडोचा लांब शेपटीचा टिट, शिमा-एनागा, जेमतेम ८ ग्रॅमचा असतो, तोंड पूर्ण पांढरं, जणू कापसाच्या बोळ्याला दोन डोळे लावलेत. जपानात त्याची चित्रं मोज्यांपासून मिठाईपर्यंत सगळीकडे आहेत, प्रत्यक्षात तो एका फांदीवर तीन सेकंद टिकत नाही. मागे धावू नका. टोळी झाडावरून झाडावर एका दिशेने सरकते. दिशा ओळखा, दोन झाडं पुढे जाऊन उभे राहा.

अकान: दोन रात्री, हातांसाठी

आइनू हे होक्काइडोचे मूळ रहिवासी. जपानने त्यांना कायद्याने आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली ती थेट २०१९ मध्ये. त्यांच्या भाषेत क्रौंच म्हणजे सारोरुन कामुय, दलदलीचा देव. मासे खाणारं मोठं घुबड म्हणजे कोतान-कोर-कामुय, गावाची राखण करणारा देव. दुकानांत लाकडी घुबडांच्या रांगा दिसतात त्या यामुळे.

अकानच्या आइनू कोतान या वस्तीत एका उताराच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि वर इकोर नावाचं नाट्यगृह. आधी संध्याकाळचा नृत्याचा कार्यक्रम बघा, खरेदी दुसऱ्या दिवशी करा. अंगरख्यांवरचे नमुने रंगमंचावर हलताना पाहिले की टेबलावरच्या वस्तूत काय बघायचं ते कळतं. गोल वळणाचा नमुना मोरेउ आणि काट्यासारखा टोकदार तो आयुश, हे दोन ओळखता आले तरी बरंच काम झालं.

‘इता’ नावाचा कोरीव तबक हातात घेऊन बघा. अक्रोडाच्या किंवा कात्सुराच्या एकाच फळीतून तो कोरतात. वळणांच्या मधली जागा माशाच्या खवल्यांसारख्या नक्षीने भरलेली असते. कारागीर आधी तिरप्या रेघांची जाळी आखतो, मग प्रत्येक चौकोनाची एक बाजू पात्याने उतरवतो, म्हणजे दुसरी कड वर उचललेली राहते. तबक खिडकीकडे धरून हळूहळू तिरपा करा. हाताने कोरलेल्यात उजेड एका खवल्यावरून दुसऱ्यावर सरकत जातो आणि खवले कडेला किंचित लहान-मोठे होतात. यंत्राने कापलेल्यात सगळे एकदम चमकतात आणि एकदम विझतात. मागे कोरणाऱ्याची सही आहे का ते बघा, आणि कोणी, कुठे, कुठल्या लाकडात कोरलं ते विचारा. बनवणारा माणूस याचं उत्तर आनंदाने देतो. ज्याला नुसती विकायची घाई आहे तो किमतीवर येतो.

निबुतानी गावचा इता आणि तिथलं झाडाच्या सालीचं कापड आत्तुश, या दोन्हींना २०१३ मध्ये राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. आत्तुश महाग का, हे त्याची कृती कळली की लक्षात येतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना, ओह्यो नावाच्या एल्मची साल सोलतात, तीही खोडाच्या एका बाजूचीच, म्हणजे झाड जगतं. आतली साल भिजवून तिचे कागदासारखे पदर सुटे करतात, वाळवतात, बोटांनी चिरून धागे करतात, एकेक धागा गाठ मारून जोडतात. मग कमरेला बांधायच्या मागावर विणकाम. अख्खा अंगरखा परवडणार नाही; पट्टी किंवा पाकीट घ्या.

स्वतः करून बघायचं असेल तर भरतकामाचा वर्ग लावा, दीड-दोन तासांत हातरुमालावर एक नमुना होतो. गडद कापडावर आधी खडूने रेघ, मग तिच्यावरून साखळी टाका. आपल्याकडे साखळी टाका येणाऱ्याला हे सोपं वाटतं आणि अडतं ते टोकावर. वळण टोकाला आलं की शेवटची साखळी बाहेर ओढून छोट्या टाक्याने पक्की करायची, सुई उलट बाजूने वर काढायची, आणि मग नव्या दिशेने सुरुवात. तसं न करता सरळ वळलात तर टोक गोल होतं आणि काट्याचा काटा राहत नाही. दोरा फार ताणू नका, कापड गोळा होतं.

घुबडांची-गरुडांची पिसं, अस्वलाची नखं लावलेलं काहीही घेऊ नका. हरणाच्या शिंगाच्या वस्तू तिथे कायदेशीर असल्या तरी टाळा: आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिंगांवर कडक कायदा आहे, आणि मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाला सिका आणि चितळ यांतला फरक पटवत उभं राहण्यात मजा नाही.

कुश्शारो: वाटेतली सकाळ

अकानहून राऊसूकडे जाताना सुनायु इथे थांबा. वाळू उकरली तर हाताला गरम पाणी लागतं. इथले हंस म्हणजे व्हूपर स्वान. चोचीवरचा पिवळा रंग नाकपुड्यांच्या पुढे टोकदार होत गेलेला असतो. मराठीत आपण ज्याला राजहंस म्हणून पाळतो तो गूज, हा खरा हंस. त्यांना पाव टाकू नका. एक-दीड तास पुरतो.

राऊसू: दोन रात्री

शिरेतोको द्वीपकल्पाच्या पलीकडच्या बाजूचं उतोरो आणि राऊसू नकाशावर चिकटून दिसतात, पण मधला शिरेतोको खिंडीचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. एकाकडून दुसरीकडे जायला दक्षिणेकडून मोठा वळसा आहे. त्यामुळे मुक्काम राऊसूतच करा.

स्टेलरचा समुद्रगरुड वजनाला ९ किलोपर्यंत जातो, म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या समुद्रगरुडाच्या दुपटीहून जड. चोच पिवळीधमक, खांदे पांढरे. सोबत पांढऱ्या शेपटीचा गरुडही असतो. बोटी बंदरातून पहाटे, अंधार असतानाच निघतात, आणि दुसरी फेरी सकाळी असते. पहाटेची निवडा, कारण सूर्य समोरच्या कुनाशिरी बेटामागून उगवतो. आणि दोन सकाळींचं बुकिंग करा, एका सकाळीवर भरवसा ठेवू नका. बर्फ वाऱ्याबरोबर फिरतो. काल किनाऱ्याला लागलेला आज क्षितिजावर असतो, आणि वारा वाढला तर बोट रद्द.

बोटीवरचे लोक बर्फावर मासे टाकतात, त्यामुळे गरुड फार जवळ येतात. हे कृत्रिम आहे, त्यावर पक्षीप्रेमींत मतभेदही आहेत; न पटणाऱ्याने किनाऱ्यावरून, बंदराच्या भिंतीवर आणि झाडांवर बसलेले गरुड बघावेत, तेही कमी नसतात. बोटीवर मोठी लेन्स उलट अडचण करते, १०० ते ४०० मिमी पुष्कळ. ट्रायपॉड नको. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. कठड्यापाशी जागा अडवून धरू नका. बोट वळते आणि उजेडाची बाजू बदलते.

शाकाहारी लोकांनी जेवणाचं आधीच लिहून कळवावं, आणि ‘मांस नको’ एवढंच लिहू नये. सूप, रस्सा, भाजी, सगळ्यात दाशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचं उकळलेलं पाणी, असतं, ते वेगळं सांगावं लागतं. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणीची चकली ठेवा, भात सगळीकडे मिळतो. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानात नेऊ नका.

परतीचं विमान आणि टोकियोहून मुंबईचं विमान यांच्यामध्ये एक रात्र मोकळी ठेवा, वादळात नाकाशिबेत्सु बंद पडतं. लाकडी तबक सामानात न टाकता कपड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत घ्या. घरी आल्यावर त्याला आधी आठवडाभर सावलीत, एसीच्या झोतापासून दूर, उघडं ठेवा: कोरड्या तापवलेल्या खोलीतून आपल्या दमट हवेत येताना लाकूड फुगतं, आणि एका बाजूने हवा लागली तर वाकतं. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलात तर खवल्यांच्या खाचांत बुरशी धरेल; कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका.